मागच्या सीटवरच्या आजी

आमच्या घरात विनाकारण कुणी कुठं जात नाही. वडील कबनूरला यंत्रमागावर पाळी करतात, आई त्याच गल्लीत कांड्या भरायला जाते. आम्ही सगळे मिळून बाहेर पडतो ते लग्नाला, मयताला किंवा दवाखान्यात. त्यामुळे कॉलेजसाठी कोल्हापूरला आले आणि कसबा बावड्यात एका निवृत्त जोडप्याच्या घरामागची खोली भाड्यानं मिळाली, तेव्हा सुरुवातीला मला त्या दोघांचं काही कळतच नव्हतं. रोज ऊन उतरलं की आजी इस्त्रीचं लुगडं नेसायच्या, आजोबा पायजम्यावर स्वच्छ सदरा घालायचे आणि जुनी स्कूटर फाटकाबाहेर काढायचे. एकदा मी भीत भीत विचारलं, "आजी, कोण आजारी आहे का?"

"कोण कशाला आजारी पडतंय? दूध प्यायला चाललोय की."

घरात पातेलंभर दूध होतं. पण हे दूध वेगळं. गंगावेशीत संध्याकाळी गवळी म्हशी आणून बांधतात आणि समोरच धार काढून फेसासकट पेला हातात देतात. आजोबा साखर कारखान्यात होते तेव्हापासून त्यांना त्याची सवय, आणि निवृत्त झाल्यावर आजींनाही लागली. कधी रंकाळ्यावर भेळ, कधी पन्हाळ्याच्या पायथ्याला झुणका-भाकरी, कधी नुसतं चिखलीच्या संगमावर बसून परत. आल्यावर आजी मला सगळं सांगायच्या. कुठल्या म्हशीला रेडकू झालं, भेळवाल्यानं कैरी घातली नाही म्हणून ह्यांनी कसं भांडण काढलं. मी पुस्तक उघडं ठेवून ऐकत बसायचे. माझ्या आईवडिलांनी असं एकदा तरी जावं, असं मला वाटायचं, पण फोनवर आईला ते सांगायला जीभ रेटायची नाही.

गल्लीत मात्र आजींची थट्टा चालायची, कारण गाडीवर बसल्यापासून उतरेपर्यंत त्या एकसारख्या बोलायच्या. "सरळ घ्या. पुढं कुत्रं हाय. डावीकडनं रिक्षा घुसतीया, थांबा. थांबा म्हणते न्हवं! आता जावा." आजोबा ओरडायचे, "दिसतंय गं मला!" पलीकडच्या घरातली पोरं त्यांची नक्कल करायची. मीही हसत असे.

एका सकाळी मी चहाचा कप घेऊन आजोबांच्या उजव्या बाजूला उभी राहिले. ते पायरीवर बसले होते. मी उभीच. ते समोर बघत होते आणि मी त्यांच्या हाताएवढ्या अंतरावर होते. "आजोबा, चहा," म्हटल्यावर ते इतके दचकले की कप माझ्या हातातून सुटला. आजी धावत आल्या, फरशी पुसली आणि मला आत घेऊन गेल्या. कपाटावर डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोन बाटल्या होत्या.

"काचबिंदू हाय," त्या हळू म्हणाल्या. "समोरचं दिसतंय, बाजूचं गेलंय. गेलेलं परत येत न्हाय म्हणे. डॉक्टरनी गाडी बंद करा म्हणून सांगितलंय."

"मग आजी, तुम्ही..."

"मी हाय की मागं." त्यांनी बाटल्या मागं सरकवल्या. "पुण्याला लेकाला कळलं तर तो उद्याच न्यायला येईल. आणि गाडी सुटली की हे माणूस भिंतीकडं तोंड करून बसतंय. मी वळखते त्यास्नी. कुणाला बोलू नकोस, पोरी."

मी म्हणाले, "धोका आहे पण." आजींनी मान हलवली. त्यांना ते माझ्याआधी माहीत होतं. त्या दिवसापासून मला आजींच्या बोलण्याचं हसू आलं नाही. त्या परत येईपर्यंत मी खोलीचं दार उघडं ठेवून बसायचे.

पुढं जे झालं ते मी पाहिलेलं नाही. दोघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जवळजवळ सारखंच होतं.

त्या संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर गर्दी होती. स्कूटर थांबताना आजी नेहमीसारख्या सांगत होत्या, तेवढ्यात तिथल्या रोजच्या टोळक्यातला एक जण म्हणाला, "काका, मागं जीपीएस बसवलंय व्हय?" दुसरा म्हणाला, "जीपीएस कसलं, मैलभर लांबनं आवाज येतोय. बंद करता येत न्हाय का ओ हे?"

आजोबा हसले. नुसते हसले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, "लग्नापासनं चालू हाय बाबांनो. म्या लई बटणं दाबून बघितली. एक दिवस तरी गप बसंल तर तुमास्नी सगळ्यास्नी दूध माझ्याकडनं."

सगळा कट्टा हसला. आजींनी अर्धा पेला तसाच खाली ठेवला आणि जाऊन गाडीपाशी उभ्या राहिल्या.

येताना त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. आजोबांना वाटलं, बोलेल आता. दसरा चौकात बोलेल, पुढच्या सिग्नलला बोलेल. आजींना वाटलं, हे विचारतील. "रागावलीस काय?" एवढं म्हटलं असतं तर त्या बोलल्या असत्या. दोघंही वाट बघत बावड्यापर्यंत आली. उसाचा हंगाम सुरू होता. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्यांची रांग रस्त्याच्या कडेला लागली होती आणि अंधारून आलं होतं. एका ट्रॉलीतून ऊस बराच बाहेर आलेला. आजींना तो दिसला. त्या म्हणाल्या, "दिसला गं मला. तोंड उघडलं बी. पण आवाज निघाय उशीर झाला."

आजोबांना खरचटलं. आजींच्या खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. पुण्याहून मुलगा आला, आठवडाभर राहिला, सुट्टी संपली म्हणून गेला. आजी मधल्या खोलीत कॉटवर. बघायला येणाऱ्या बायका दारातच कुजबुजायच्या, आणि ते आत ऐकू यायचं. "सारखी बडबड, सारखी बडबड. गाडी चालवणाऱ्याचं ध्यान जाणारच की." आजी छताकडं बघत पडून राहायच्या. आजोबा खुर्चीत बसलेले असायचे. तेही काही म्हणायचे नाहीत.

आजी त्यांच्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. पाणी द्या, पंखा लावा. पूर्वी घरातसुद्धा त्या सांगत असायच्या, खुर्ची सरकवलीय, उंबरा आला. ते बंद झालं. आजोबा कॉटच्या पायाला अडखळले तरी त्या डोळे मिटून घ्यायच्या. मी स्वयंपाकघरातून बघायचे. कॉलेजमध्ये मला प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही बोलायला जमत नाही, तसं काहीतरी त्या दोघांचं झालं होतं असं मला वाटायचं.

एकदा आजोबा माझ्या खोलीच्या दारात आले. "पोरी, गंगावेशीला येतीस काय? तिच्यासाठी दूध आणू."

आम्ही रिक्षानं गेलो. मी त्यांचा दंड धरला होता आणि किटली माझ्या हातात होती. टोळकं होतंच. "काका, लई दिवसांनी! काकी कशा हायत? आता घरात शांतता असंल न्हवं?"

आजोबा थांबले. त्यांचा दंड माझ्या हाताखाली ताठ झालेला मला कळला.

"मला दिसत न्हाय," ते म्हणाले. आवाज बराच मोठा निघाला, धार काढणारा गवळीही बघायला लागला. "लई दिवस झालं दिसत न्हाय. ती बोलत हुती त्यावर मी गाडी चालवत हुतो. तुमच्यासंगं हसलो मी तिला. तेवढा एक दिवस ती गप बसली."

गवळ्यानं किटली घेतली, भरली, झाकण घट्ट बसवून परत माझ्या हातात दिली. एक जण रिक्षापर्यंत आमच्यासोबत आला आणि आजोबांना बसायला हात दिला.

रिक्षात आजोबा म्हणाले, "तिला सांगू नकोस."

"का?"

"मी सांगतो."

त्या दिवशी त्यांनी नुसतं दूध पेल्यात ओतून दिलं. दुसऱ्या दिवशीही काही बोलले नाहीत. मग मुलाचा फोन आला. त्याला आता डोळ्यांचंही कळलं होतं. रविवारी गाडी घेऊन येतो, दोघांनाही नेतो, आता वाद नको, म्हणाला. आजोबांनी वाद घातला नाही. स्कूटर गल्लीतल्याच एकानं नेली.

शनिवारी आजोबा दाढी करून घ्यायला गेले होते. मी आजींच्या लुगड्यांच्या घड्या घालत होते. मला राहवलं नाही, मी सांगितलं. कट्ट्यावर आजोबा काय म्हणाले ते.

आजी उशीवरून मान उचलायला बघत होत्या. "कुणापुढं?"

"सगळ्यांपुढं."

"तो जाड्या हुता काय? मिशीवाला?"

"होता."

"मोठ्यानं म्हणाले?"

"खूप मोठ्यानं."

"'हसलो मी तिला' म्हणाले?"

"हो, आजी."

त्यांनी माझा हात धरून मला कॉटवर बसवलं. मग म्हणाल्या, "परत सांग. रिक्षातनं उतरला तिथनं सांग." मी पहिल्यापासून सांगितलं. सांगता सांगता त्या रडायला लागल्या आणि मला थांबूही देईनात.

आजोबा आले तेव्हा आजींनी पदरानं तोंड पुसलं होतं. "गालाला साबण राहिलाय," त्या म्हणाल्या. "हिकडं या." आजोबा कॉटच्या कडेला बसले. मी घड्या अर्ध्या टाकून बाहेर आले. आत ते बोलले की नाही, मला माहीत नाही.

रविवारी ती दोघं गेली. मला परीक्षा होईपर्यंत खोलीत राहायला सांगितलं होतं. पुढच्या घराला कुलूप, आणि मी मागं एकटी.

महिनाभरानं मी फोन केला. आजी म्हणाल्या, आता चाकांच्या खुर्चीत बसता येतं. "एकदा गेलतो की आमी दोघं खाली. हे ढकलत हुते, मी सांगत हुते. फाटकाच्या भाईर चौकापत्तोर गेलो. कणसं भाजत हुता एक जण. घेतलं, खाल्लं." त्यांच्या आवाजात बावड्यातली संध्याकाळ होती. मग तो आवाज बसला. "सुनेनं बघितलं वरनं. पळत आली बिचारी. लई घाबरली ती. दोघं मिळून कुठंतरी पडला तर मी काय करू म्हणाली. तिचं बी खरं हाय गं. नोकरी करती, किती बघंल?"

"मग आता?"

"आता खुर्ची घडी करून ठेवलीया. रविवारी लेक नेतो बागेत, जमलं तर. मला एक फेरी, मग ह्यास्नी एक फेरी."

"दोघांना एकदम नाही?"

"एकटा माणूस दोघांस्नी कसा धरंल?"

मागून आजोबांचा आवाज आला, कोण आहे विचारत होते. आजींनी फोन त्यांच्याकडं दिला असावा, कारण थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, "ऊस संपला काय गं तिकडं?"

मी म्हणाले, "संपला, आजोबा. कारखाना बंद झाला. रस्ता मोकळा आहे आता."

"व्हय?" ते म्हणाले, आणि फोन परत आजींकडं दिला.