तीनच्या खेळातली शिट्टी

माझी शिट्टी चार शेतांपलीकडे ऐकू जायची. दोन बोटं जिभेखाली दुमडून मी ती मारायचो. शिरपूरच्या स्टँडवर बसमधून उतरलो की कोपऱ्यावरूनच एक शिट्टी ठोकायची, आणि घरात अक्का चुलीवर तवा ठेवायची. मी दारात पोचेपर्यंत पहिली भाकर फुगलेली असायची. अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती लग्न होऊन किन्हीराजाला गेली आणि माझी शिट्टी गल्लीतल्या कुत्र्यांपुरती उरली.

बाबांचं शिवणकामाचं दुकान देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे ओटा, मग मशीन, मग एक मळका पडदा, आणि पडद्यामागे आमचं घर. ओट्यावर दिवसभर कुणी ना कुणी टेकलेलं. शेजारी सायकलीचं दुकान चालवणारे चाचा, समोरचे किराण्याचे शेठ आणि माझ्यासारखी विशी गाठलेली चार-दोन रिकामी पोरं. वाशीमला किंवा अकोल्याला कुणी पिच्चर पाहून आला की आठ दिवस त्याचा कीस पडायचा. ज्याला स्वतःचं धोतर सावरता येत नव्हतं, तोही हीरोनं कुठून वार करायला हवा होता ते सांगायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, अक्का एकटीच बसमधून उतरली. हातात पिशवीसुद्धा नव्हती. एक डोळा सुजून बंद झालेला, ओठ फाटलेला, डावं मनगट वाकडं. कारण काय, तर जावई शेतातून आला तेव्हा भाजी निवलेली होती. ही पहिली वेळ नव्हती. आधीच्या वेळा तिनं पदराआड लपवल्या होत्या, आणि आम्ही लपवू दिल्या होत्या.

बाबांनी हातातली कात्री खाली ठेवली. "आता नाही धाडत तुले," ते म्हणाले. "मी हाये तवरोक नाही."

मी ओरडलो, "हातपाय तोडतो त्या जवायाचे!"

मायही रडली. पण पंधरा दिवसांत तिचा सूर बदलला. लोक विचारतात, पोरीची जात, किती दिवस ठेवणार. जावयानं निरोप धाडला होता की दिवाळी झाली की न्यायला येतो. तो आला की बाबा काय म्हणतील, यावर अक्काचं सगळं अडलेलं होतं. ती कुणाला काही विचारत नव्हती. मनगट सुधारल्यावर पडद्यामागे बसून शर्टांची काजं-बटनं करायची आणि ओट्यावरचं बोलणं ऐकायची.

तिचं मन रमावं म्हणून पिच्चरची टूम मीच काढली. माय, अक्का आणि मी, बसनं वाशीमला, तीनच्या खेळाला. बाया मागे, लाकडी फळ्यांच्या आड बसायच्या. मी पुढे, पडद्याजवळ, पोरांच्या गर्दीत.

पिच्चर असा होता. शहरातली शिकलेली, तोऱ्यातली सून खेड्यात येते. सासूला उलटून बोलते, नवऱ्याला शेणात हात घालणारा म्हणते. अर्धा पिच्चर नवरा गप्प. मग एका दुपारी ती सासूचं ताट लाथेनं उडवते, आणि तो तिच्या थोबाडीत मारतो. ती खांबावर आपटते, कपाळ फुटतं, रक्ताची धार लागते. पुढच्या गाण्यात ती पाटल्या घालून चुलीपुढे बसलेली.

थोबाडीत बसली तसं सगळं थिएटर उठून उभं राहिलं. चिल्लर पडद्यावर उडाली. माझी दोन बोटं आपोआप तोंडात गेली, आणि मी अशी शिट्टी मारली की पुढचा पोरगा कान दाबत मागे वळला. सगळ्या शिट्ट्यांच्या वर माझी गेली. फार बरं वाटलं मला.

परतीच्या बसमध्ये माय पिच्चरची तारीफ करत होती. अक्का खिडकीशी बसून बाहेरची तूर पाहत होती. मालेगाव आलं तेव्हा तिनं मला विचारलं, "शिट्टी तुहीच होती ना?"

"हो! ओळखली तू?"

"तुही शिट्टी नाही ओळखनार मी?"

मी खूश झालो. गाढव कुठला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दरबार भरला. शेठनी तोच पिच्चर अकोल्याला पाहिला होता. सूर्य मावळायच्या आत जेवणारे, पाणी गाळून पिणारे, मुंगी दिसली की पाऊल उचलून टाकणारे शेठ. ते म्हणाले, "एक थापड लागतेच हो. वेळेवर बसली म्हनून घर वाचलं."

"नाही त काय," एक पोरगा म्हणाला. "पह्यल्याच दिवशी हानली असती त पिच्चर अर्ध्या तासात संपला असता."

बाबा कापडावर खडूनं रेघा ओढत होते. त्यांनी पिच्चर पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. तरी मान हलवून म्हणाले, "खरं हाये. बाईमानूस धाकात पाह्यजे."

चाचा ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. ते तिथूनच म्हणाले, "मेरे को नै जमा भाई. जिसने औरत पे हाथ उठाया, वो हीरो कायका?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. "चाचा, तुमी पंक्चर काढा. पिच्चरमदलं तुमाले काय समजते?"

पडद्यामागून मघापासून दोरा तोडायचा बारीक आवाज येत होता, तो थांबला. बाबांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी मान न वळवता आत विचारलं, "काहून वो, तुले कसा वाटला पिच्चर?"

"सगळ्यायले आवडला ना," अक्का आतून म्हणाली. एवढंच.

चौथ्या दिवशी जावई आला. पांढराशुभ्र सदरा, हातात पेढ्यांचा पुडा, तोंडात साखर. बाबांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. महिनाभर जे वाक्य ते घोकत होते, ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांनी पडद्याकडे पाहून विचारलं, "तुहं काय म्हननं हाये?"

अक्का बाहेर आली. मायनं दिलेली पिशवी भरून तयार होती. "मले कायले इचारता?" ती म्हणाली. "तुमी सगळ्यायनं त सांगतलंच हाये."

बाबा खडू शोधू लागले. माझ्या मात्र तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही. मी तिची पिशवी स्टँडपर्यंत नेऊन दिली. बस हलली तेव्हा सवयीनं बोटं तोंडाशी गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीची काच ओढून घेतली. ती खाडकन बंद झाली तेव्हा कुठे मला समजलं. लाज वाटायला हवी होती. मला राग आला, आणि तो मी सगळाच्या सगळा जावयावर काढायचा ठरवला. ते सोपं होतं.

दीड महिन्यानं निमित्त मिळालं. चाचा जुन्या सायकली घ्यायला खेड्यापाड्यांत फिरायचे. किन्हीराजाहून आले आणि म्हणाले, "बेटी के हाथ पे चिमटे से जलाने का निशान है."

मालेगावच्या बाजाराच्या दिवशी मी गेलो. बसमध्ये संवाद पाठ केला, बाह्या सरसावून ठेवल्या. जावई बैलांसाठी दोर घेत होता. मी पुढे उभा राहिलो आणि माझा संवाद म्हटला. तो हसला. "घरी ये, जेवून जाय," म्हणाला.

मी ठोसा मारला. पिच्चरमध्ये येतो तसला आवाज आला नाही. ओली काडी मोडावी तसा आला, आणि त्याचं नाक एका बाजूला गेलं. तो खाली बसला. मी बरगडीत लाथ घातली. त्यानं माझा पाय धरून पोटरीला कडकडून चावा घेतला, तर मी त्याच्या बोटांवर टाच देऊन उभा राहिलो. मग त्याचे केस धरून डोकं बैलगाडीच्या चाकावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. तो हात जोडत होता. मला गोडी लागली होती, हे आता लपवून काय करू? त्याचं रक्त माझ्या ओठावर उडालं आणि मी ते चाटलं.

भोवती रिंगण जमलं होतं. कांद्याच्या पोत्यांवर उभं राहून लोक पाहत होते.

"उठू दे त्याले, उठू दे, मंग हान!"

"डाव्या हातानं दे बे!"

आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली. दोन बोटांची, लांब. माझी छाती फुगली. मी थांबलो तो दया आली म्हणून नव्हे. हाताचं हाड मोडलं म्हणून थांबलो.

शिरपूरला बातमी माझ्या आधी पोचली. पुढचे आठ दिवस ओट्यावर दुसरा विषय नव्हता. मी सांगायचो, पोरं सुधारून घ्यायची. लाथ आधी हवी होती, संवाद थोडा कमी पडला. शेठनी "हिंसा वाईटच" म्हणून सुरुवात केली आणि माझी गोष्ट चाकापर्यंत आली तेव्हा पुढे सरकून बसले. बाबांनी दुकानातल्या सगळ्यात भारी टेरिलीनचा शर्ट माझ्यासाठी बेतला. प्लास्टरवरून बाही जावी म्हणून स्वतः दोनदा माप घेतलं.

आठव्या दिवशी चाचांनी विचारलं, "फिर वो गया किधर?"

"कोन?"

"तेरा जीजा. मार खाके गया किधर?"

"कुठं जाईन? घरी गेला असंन," मी म्हणालो, आणि सगळे हसले.

चाचा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप घालून ते पहिल्या बसनं गेले आणि संध्याकाळी अक्काला घेऊन आले. ती स्वतःच्या पायांनी उतरली नाही. चाचांनी आणि कंडक्टरनं धरून उतरवली.

त्या बाजाराच्या दिवशी जावई दिवस मावळता घरी पोचला होता. अक्कानं त्याचं तोंड धुऊन दिलं, नाकाला हळद लावली. मग त्यानं गाडीची उभारी उपसली. मनगटाएवढं जाड लाकूड ते. प्रत्येक घावाला म्हणत होता, "हे तुह्या भावाचं. हे बी तुह्या भावाचं." तिचा जबडा सरकला. डाव्या कानातून रक्त आलं आणि कानाचा पडदा कायमचा गेला, असं वाशीमच्या डॉक्टरनं सांगितलं. आठ दिवस ती गोठ्यात पडून होती. शेजारीण रात्री भिंतीवरून पाणी द्यायची. त्या आठ दिवसांत मी ओट्यावर लाथ कशी मारली ते सांगत होतो.

तिला परत धाडायचा विषय नंतर कुणी काढला नाही. ती पुन्हा पडद्यामागे बसून काजं-बटनं करू लागली. कुणी डावीकडून बोललं तर नुसतीच हसायची.

दोनेक महिन्यांनी मालेगावचा एक कापडवाला दुकानात आला. मला पाहताच त्याचं तोंड फुललं. "अरे, हेच ना ते! मी होतो तवा बाजारात. काय हानला होता हो! पिच्चर झक मारते." आणि तो उठून हातवारे करत सगळं सांगू लागला. नाक, बरगडी, चाक. ओट्यावरचे तेच लोक, पण कुणी वर पाहत नव्हतं. बाबांनी मशीन जोरात चालवलं. तो थांबेना.

पडदा सरकला आणि अक्का बाहेर आली. गिऱ्हाईक असताना ती कधी ओट्यावर यायची नाही. हातात अर्धवट काजांचा शर्ट होता. ती बाबांच्या मशीनजवळ बसली, माझ्या शेजारी, आणि कापडवाल्याला म्हणाली, "तुमी इंटरव्हलपर्यंतच पाह्यला, भाऊ."

त्याला ती कोण ते ठाऊक नव्हतं. हसत म्हणाला, "मंग पुढं काय झालं?"

तिनं डाव्या कानावरचा पदर काढला. कानाची पाळी उरली नव्हती, मागचं हाड आत दबलेलं होतं. "पुढचा मी पाह्यला," ती म्हणाली. "एकलीनं. मले नाही आवडला."

कापडवाला चपला घालून निघून गेला. शेठ रस्ता ओलांडून दुकानात गेले. चाचा चाकाची तार पिळत राहिले. अक्का तिथेच बसून काज घालू लागली.

मी म्हणालो, "अक्का, चुकलं माहं."

तिनं वर पाहिलं नाही. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो. उठून उजवीकडे जायचं आणि तेच पुन्हा म्हणायचं, एवढंच करायचं होतं. त्यानंतर तेवीस वर्षं ती आमच्या घरात होती. मी तिला जेवायला वाढलं, औषधं आणली, तिच्यासाठी भांडलो. ते मात्र पुन्हा म्हटलं नाही.