जुना आजार : नाही

चिंतामणीने एकतीस वर्षं विमा विकला. महाडच्या बाजारपेठेत सायकलच्या दुकानामागे त्याची एक खोली होती, आणि पोलादपूरकडच्या वाड्यांवर तो मोटारसायकलने फिरायचा. फॉर्म तो स्वतःच भरायचा. समोरच्याने सही करायची किंवा अंगठा उठवायचा, बाकी सगळं अक्षर चिंतामणीचं. फॉर्मवर एक रकाना असे : पूर्वीपासून असलेला आजार. त्या रकान्यात त्याने आयुष्यभर एकच शब्द लिहिला : नाही. साखर असली तरी नाही, दमा असला तरी नाही. खरं लिहिलं की कंपनी फॉर्म परत पाठवायची आणि हेलपाटा वाया जायचा. याला तो फॉर्म भरणं म्हणत असे.

साळूबाईचा फॉर्म त्याने सात वर्षांपूर्वी भरला. कापडे गावाच्या पुढच्या वाडीतलं घर, नवरा भागोजी शेतकरी, मुलगा विनीत नुकताच मुंबईत नोकरीला लागलेला. आईचा विमा काढायचं मुलाच्या मनात होतं. साळूबाईच्या हृदयाची एक झडप आवळलेली होती. तशी एक फाइलच घरात होती, विनीतच्या जन्मानंतर दवाखान्यात केलेली. चिंतामणी ती फाइल उचलून सोबत घेऊन गेला. कंपनीचा माणूस चौकशीला आला तर घरात सापडायला नको. जाताना ओटीवर बसून साळूबाईला शिकवलं : धाप कधीपासून लागते असं कुणीही विचारलं, तर महिनाभर म्हणायचं.

दोन वर्षांनी साळूबाईला दवाखान्यात ठेवावं लागलं. कंपनीच्या डॉक्टरने तपासणी वाचली, आजार लपवला म्हणून दावा नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली. भागोजीने एक म्हैस विकली. चिंतामणीला त्याने चकार शब्द विचारला नाही. उलट त्या वर्षीही नाचणीचे पापड पाठवले. चिंतामणीच्या घरी ते कुणी तळले नाहीत. डब्यातच बुरशी धरली.

पुढे एकवीस सालच्या पुरात बाजारपेठेतली खोली माळ्यापर्यंत बुडाली. कपाटातल्या फाइलींचा चिखलाचा एक गोळा झाला, तो नगरपालिकेच्या डंपरमध्ये गेला. त्यातच साळूबाईची फाइल होती. चिंतामणीने धंदा बंद केला. आता कुणाला मोठ्या दवाखान्यात जायचं असलं, की लोक त्याला सोबत नेतात. कागद वाचता येतो म्हणून. तो जातो. नाही म्हणायला कारण सापडत नाही.

या खेपेला साळूबाईलाच न्यायचं होतं. झडप बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यासाठी विकायला आता भागोजीकडे म्हैसही नव्हती. उरली ती सरकारी योजना. चिंतामणीने तिचं पत्रक चष्मा पुसून वाचलं. आधीपासूनचा आजारही पहिल्या दिवसापासून योजनेत बसतो. एकतीस वर्षांत असं वाक्य त्याने छापील कागदावर पाहिलं नव्हतं.

पनवेलकडच्या त्या दवाखान्यात ही तिसरी खेप. पहिल्या खेपेत रेशनकार्डावरचं नाव जुळलं नाही, दुसऱ्या खेपेत तपासण्या झाल्या आणि प्रस्ताव मंजुरीला गेला. पोलादपूरहून पहाटेच्या एसटीने भागोजी आणि साळूबाई निघाले, महाडला चिंतामणी चढला. साळूबाई खिडकीला डोकं टेकून श्वास मोजल्यासारखी बसली होती.

योजनेच्या खिडकीवर वैदेही नावाची आरोग्यमित्र होती. रुग्णाचे कागद पुढे सरकवणं हे तिचं काम. तिने स्क्रीनवरून मान न उचलता सांगितलं, "काका, प्रस्ताव परत आलाय. पेशंट आजार एक महिन्याचा सांगते आणि झडप कित्येक वर्षं आवळलेली दिसते. खुलासा मागितलाय."

चिंतामणी साळूबाईकडे वळला. "वहिनी, डॉक्टरांनी धाप कधीपासून विचारलं, तेव्हा काय सांगितलंत?"

"तुम्ही शिकवला तेच. महिनाभर."

"मी कधी शिकवलं?"

"इमा काढलात तवा. ओटीवर. चार वेळा म्हणून घेतलात माझ्याकडून."

"पोर पाढे विसरलं," भागोजी म्हणाला, "पन ही हे नाय विसरली."

वैदेहीने आता मान उचलली. "आजी, इथे जुना आजार चालतो. लपवायचं काही नाही."

"आजी नको बोलू गो, अजून पन्नाशी नाय लागली मला."

"सरकार जुना माल पन घेता म्हन की," भागोजी म्हणाला. त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं, कारण वैदेही पुढचं विचारत होती : जुने कागद आहेत का?

"माझ्याकडे होते," चिंतामणी म्हणाला. "पुरात गेले."

"तुमच्याकडे कसे?"

मागे रांग होती. कुणीतरी खोकत होतं. "लपवायला नेले होते," चिंतामणी म्हणाला. हे वाक्य त्याने कधी घरीही उच्चारलं नव्हतं. वैदेहीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, मग म्हणाली, "नसतील तर डॉक्टर पुन्हा हकीकत लिहून घेतील. पण या वेळी खरी सांगा. कधीपासून आहे?"

"माझ्या पोराच्या वेळेपासून," भागोजीनेच उत्तर दिलं.

साळूबाईने पदर सारखा केला. "चौदाव्या वर्सापासून," ती म्हणाली. "सांधे सुजून ताप आला होता, तवापासून. आय बोलली, सोयरिकीत सांगायचा नाय."

चिंतामणीला वाटलं, आता इथेच भांडण लागणार. भागोजी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसत राहिला. "मला काय आज कळला? लग्नानंतर देवळात नेली तवाच कळला. चाळीस पायऱ्या, चार वेळा टेकलीस."

"मग बोललाव नाय ते?"

"तू बोलली नायस. मी कशाला बोलू?"

वैदेहीने खुलाशाचा कागद पुढे केला. भागोजीने तो सवयीने चिंतामणीकडे सरकवला. नाव, वय, पत्ता. मग रकाना आला : पूर्वीपासून असलेला आजार. चिंतामणीचं पेन थांबलं नाही. तिकडे भागोजीच्या देवळाच्या पायऱ्या कानात घोळत होत्या आणि इकडे हाताने लिहून टाकलं होतं : नाही.

त्याने शब्द खोडला. वैदेही वैतागून म्हणाली, "खाडाखोड चालत नाही, काका. दुसरा कागद घ्या."

दुसऱ्या कागदावर त्याने एकेक अक्षर सावकाश काढलं. आहे. चौतीस वर्षं. खाली साळूबाईने अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून त्याने स्वतःची सही केली आणि जुने कागद कुणी नेले होते, तेही त्याखाली लिहिलं. ते कुणी मागितलं नव्हतं.

डॉक्टरांनी नवी हकीकत लिहून दिली. ती वर गेली. दुपारी भागोजीने सोबत आणलेल्या भाकऱ्या काढल्या, तिघांनी बाकावर बसून खाल्ल्या. चारच्या सुमारास वैदेहीने खिडकीतून हाक मारली. मंजुरी आली होती. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी, साळूबाईला आजच भरती करायचं. भागोजीने पिशवी उचलली.

वॉर्डात नर्सने नवा तक्ता काढून तोच प्रश्न विचारला : त्रास कधीपासून?

साळूबाई कॉटवर मांडी घालून बसली आणि चौदाव्या वर्षापासून सुरू झाली. सुजलेले सांधे, आईची ताकीद, देवळाच्या पायऱ्या, ओटीवरची शिकवणी. नर्स दोनदा म्हणाली, "पुरे, मावशी." ती थांबली नाही. दाराबाहेरच्या बाकावर चिंतामणी डोळे मिटून ऐकत होता. महाडची एसटी सुटायला अजून तास होता, आणि साळूबाई आत्ता कुठे विम्याच्या कागदापर्यंत आली होती.