होनाची पाठवणी

तंजावरच्या मोठ्या देवळातला नंदी एक वेळ उठून वेशीबाहेर चरून येईल, पण आमच्या घरमालकांच्या डब्यातलं नाणं जागचं हलणार नाही. सातवीत शाळा सोडलेला मी माणूस, पण हे छातीठोकपणे सांगतो. विट्याकडून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला इथं आलो आणि त्यांच्या माडीवर राहिलो. जुनं ते वितळवणं हाच माझा धंदा, त्यामुळं मी आलो त्याच दिवशी डबा देवघरात गेला आणि त्याला कुलूप लागलं. "तूं भला पोरगा, पण तुझी नजर विस्तवाची," असं त्यांनी प्रेमानं सांगितलं. त्यांचे पूर्वज मराठा राजांबरोबर इथं आले, आणि भाषाही बहुधा तेव्हापासून त्याच डब्यात ठेवलेली. पुढं मी तापानं फणफणलो, गाव आठवून रडकुंडीला आलो, तेव्हा याच माणसानं मला रसमभात भरवला. ते मी जन्मात विसरणार नाही. किल्ली मात्र तेव्हाही कमरेलाच होती.

नाणी विकायची असं ते दर वर्षी जाहीर करत. पापनाशमहून एक गृहस्थ बसनं आले, तांब्याचा एक पैसा बघायला. यांनी विचारलं, घरात ओल आहे का? सून चिंचेनं भांडी घासते का? घासता घासता नाण्याकडं तर वळणार नाही? माझ्या बहिणीला बघायला आलेल्यांनीही एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या. बिचारे कॉफी पिऊन गेले. "पाहिलेंस? साखर ढवळली आणि चमचा चाटला! ह्याच्या हातीं देऊं कां?" एकदाच एक नाणं खरोखर विकलं गेलं, तिरुवैयारूच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना. मग दर शुक्रवारी आमचे घरमालक कावेरीच्या दर्शनाला तिकडं. कावेरी त्या बाईंच्या माजघरातून वाहत असावी. शेवटी बाईंनीच नाणं केळीच्या घडासकट परत आणलं. "राव, लेकीला माहेरीच ठेवा!"

सोन्याचा होन मात्र एकच होता, आणि तो नातीच्या बारशालाच त्यांनी देऊन टाकला होता, अर्थात तोंडानं. इकडं लग्नाआधी मुहूर्त बघून तालीचं, म्हणजे मंगळसूत्राचं, सोनं वितळवतात. त्यात होन घालीन, असा चारचौघांत शब्द दिलेला. आजोबांना तमिळ रीतीनं ताता म्हणणाऱ्या त्या नातीचं लग्न ठरलं, आणि घरमालकांना एकाएकी माझ्या भट्टीत दोष दिसू लागले. मुहूर्ताला सगळी माणसं भट्टीपाशी जमली, तेव्हा ह्यांनी बोटातली अंगठी काढून पुढं केली.

"ही घे. सोनें तें सोनेंच!"

"सोनं ते सोनंच ना, ताता? मग होन द्या की," नात म्हणाली. सगळे हसले. ह्यांचा चेहरा बघून ती पुढं झाली. "राहू दे. अंगठीनं होईल. खरंच."

ती चिडली असती तर ते दुपारपर्यंत भांडले असते. अशा समजूतदारपणाशी भांडता येत नाही. कनवटीतून होन काढून त्यांनी स्वतः मुशीत टाकला. इतकी वर्षं सोनं गाळतोय, पण कधी कुणाला विचारलं नव्हतं, ते त्या दिवशी मी विचारलं.

"आजोबा, लावू ना ज्योत?"

"विचारूं नको. विचारलेंस तर नको म्हणेन."

होनाच्या कडा मऊ झाल्या, अक्षरं पुसट झाली, आणि मग त्याचा नुसता एक लखलखता थेंब उरला. "गेलीं कां रे अक्षरें?" त्यांनी हळूच विचारलं. मी होकारार्थी मान डोलावली. गोळी निवल्यावर त्यांनी ती नातीच्या तळहातावर ठेवली, तिची मूठ मिटली आणि आपल्या दोन्ही हातांत धरली.

"ताता, सोडा आता. ताली घडवायला सोनार थांबलाय."

"सोडतों," ते म्हणाले, आणि तसेच धरून उभे राहिले.