माठाखालचा दगड

रामभाऊ गेल्याची बातमी मला चाकणहून तळेगावला येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं दिली, तिकिटाला चिमटा मारावा तशी. "गुर्जी, तुमचा तो म्हशीचा दात गेला की." गाडीतले दोघंतिघं हसले. सवयीनं मीही ओठ ताणले, मग अर्थ कळला... खडी फोडताना कपची उडून त्याच्या पोटरीत घुसली होती. त्यानं जखमेवर रस्त्याचीच माती दाबली. आठव्या दिवशी दातखीळ बसली आणि तीन दिवस ताठ होऊन होऊन तो संपला. त्याला आता सहा आठवडे झाले. मेल्यावरसुद्धा ज्या नावानं गाव त्याला ओळखतं, ते नाव माझी कमाई आहे. ते सांगायलाच हे लिहितो आहे. कुणी डोळे पुसायच्या तयारीनं वाचत असेल तर त्यानं इथंच थांबावं.

रामभाऊ मैलकुली होता, म्हणजे पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन मैलांचे खड्डे बुजवणारा सरकारी मजूर. मी तेव्हा चाकणच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. खडीसाठी तो ओढ्यातले गोटे गोळा करायचा आणि त्यात काही वेगळं दिसलं की भाकरीच्या फडक्यात बांधून माझ्याकडे आणायचा. दुधी गारगोटी, मधाच्या रंगाचा अकीक, पोटात स्फटिकांचे काटे असलेला गोटा. नाव सांगितलं की मान डोलवायचा. एकदा बोलण्याच्या भरात मी त्याला सांगून बसलो की फार जुनी हाडं गाळात दगड होतात, आणि नदी-ओढ्यांच्या काठी कधीकधी ती सापडतात.

"म्हंजी जनावर दगुड झालं? किती सालं लागत्यात?"

"हजारो. लाखसुद्धा."

"मग ते आपल्या रस्त्याच्या आधीचं," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. त्याला एकच हवं होतं. असं एक हाड सापडावं आणि पुण्याच्या कॉलेजातल्या कपाटात, चिठ्ठीवर त्याचं नाव लिहून, ते ठेवलं जावं. परीक्षा दोन. एक मी शिकवलेली: कोरडा तुकडा जिभेला लावायचा, साधा दगड सुटतो, जुनं हाड जिभेला धरतं. दुसरी त्याची स्वतःची: हातोडीनं हलकेच टिचकी द्यायची. काळा दगड खणकन बोलतो, जे दगड नव्हे ते बद्द वाजतं. दोन वर्षं तो माणूस ओढ्यात बसून दगड चाटत होता. आम्ही मास्तरमंडळी पुलावरून बघायचो.

मग आम्हाला चेव आला. आम्हाला म्हणजे मला आणि चित्रकलेच्या मास्तरांना. पण कल्पना माझी, उगाच वाटेकरी कशाला करू? म्हशीची एक जुनी दाढ मिळवली, कातात उकळली, चिकणमातीत घोळवली, वाळवली आणि ओढ्याच्या वळणावर वाळूत पुरली. तिसऱ्या दिवशी रामभाऊ धावत शाळेत आला. वर्ग चालू होता. त्यानं दाढ जिभेला लावून दाखवली आणि ती धरली. वाळकी चिकणमाती धरतेच. हातोडी मात्र त्यानं लावली नव्हती. "फुटली म्हंजी?" मी म्हणालो, "शहाणा आहेस. आणि माती धुऊ नकोस, प्राध्यापकांना मातीसकट लागतं." हे वाक्य मी मुद्दाम बोललो.

गंमत तिथंच थांबवायची, असं ठरलं होतं. थांबवली नाही. बिनपगारी रजा टाकून, धुतलेलं धोतर नेसून तो पुण्याला निघाला आणि मी सोबत गेलो. प्राध्यापकांनी माती खरवडली, मुळाचा कोपरा स्पिरिटच्या दिव्यावर धरला. जळक्या शिंगाचा वास सुटला. "म्हैस आहे. याला कात कुणी फासला, तूच का?" भोवतालची कॉलेजची पोरं हसली. मीही हसलो, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं, कारण मला माझी कातडी वाचवायची होती. रामभाऊ म्हणाला, "चुकलं, साहेब." आणि परतीच्या एसटीत, राजगुरुनगरकडच्या त्या खचाखच भरलेल्या गाडीत, एवढंच बोलला, "गुर्जी, तुमचा येळ खाल्ला."

पुढं शाळेतली पोरं मेलेल्या गुरांची हाडं त्याच्या खडीच्या ढिगावर टाकू लागली. मी त्यांना एकदाही दटावलं नाही. वर्षभरात माझी बदली तळेगावला झाली आणि मी सुटलो, असं मला वाटलं.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, पाणी दिलं. माठाच्या बुडाशी एक करडा, दंडाएवढा जाड तुकडा टेकण म्हणून होता. एक टोक गोल, सांध्यासारखं. मी बघत राहिलो.

"पुन्याच्या खेपंनंतर दोन सालांनी घावला," ती म्हणाली. "वाजवला, जिभंला लावला. म्हनले, साळू, हाड हाय. मी म्हनलं, गुर्जींना दावा. तर म्हनले, न्हाई. दातावरचा कात अन् गुर्जींच्या नखातला कात येकच व्हता."

"त्याला केव्हा कळलं?"

"यष्टीतच की."

म्हणजे माझी बोटं बघून झाल्यावर तो म्हणाला होता, तुमचा येळ खाल्ला. मी मान खाली घातली. लाज वाटली, पण त्याहून जास्त हाव सुटली. खाली वाकून, म्हाताऱ्या बाईसमोर, मी त्या तुकड्याला जीभ लावली. धरली नाही. माठाखालचा दगड सदा ओला. ओल्याला जीभ धरत नाही. मी म्हणालो, दोन दिवस उन्हात ठेवू, मग पुण्याला नेतो, चिठ्ठीवर त्याचं नाव लिहून घेतो.

"मग माठ कशावर ठिवू?"

पुढच्या रविवारी मी पिशवीतून घडीव, चौकोनी दगड नेला. साळूबाईनं कोनाड्यातली रामभाऊची हातोडी काढली, दगडावर टिचकी दिली आणि कान लावला. खणकन वाजला.

"दगुड हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या भाईर." मग हातोडी जागेवर ठेवली आणि त्या करड्या तुकड्यावरच टेकलेल्या माठातलं पाणी काढून माझ्यापुढं धरलं. "घ्या, गुर्जी. लांबनं आलाय."

मी ते प्यालो.