टाकीचं कुलूप

"असू द्या, ध्यानात हाय," असं म्हणून अक्का पदराच्या टोकाला गाठ मारायच्या. कुणी टोचून बोललं, कुणी टँकरपाशी त्यांची घागर मागं सारली, तरी त्या भांडायच्या नाहीत. बाजाराला निघालेल्या बाया काही विसरू नये म्हणून मारतात तशी गाठ मारायच्या आणि कामाला लागायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना गरीब समजतो, तिथंच फसतो.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत कारकून म्हणून मी आलो आणि अक्कांच्या शेजारची खोली घेतली. पावसानं दगा दिला होता, गल्लीतल्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या. अक्कांचे यजमान आडतीवर मुनीम होते, ते आदल्या वर्षीच गेलेले. मागं राहिली होती त्यांची जुनी काळी मोटारसायकल.

ती अंगणात असायची, पण अक्कांची नव्हती. समोरच्या घरात राहणाऱ्या धाकट्या दिराकडं दुसरी किल्ली होती. तो सकाळी यायचा, न बोलता गाडी काढायचा आणि संध्याकाळी टाकीचा तळ दिसेल अशी आणून लावायचा. जिल्हा झाल्यापासून तो पुढारी झाला होता. पांढरे कपडे शिवून घेतले होते, आणि कुठल्याही गोष्टीच्या आधी 'जिल्हा' हा शब्द लावायचा. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

एकदा अक्का त्याला म्हणाल्या, "भाऊजी, जातच हाव तर मळ्यातल्या बोअरवरनं एक घागर आना की."

"घागर अडकवली की टाकीचा रंग जातो, वैनी," तो म्हणाला आणि गेला.

अक्कांनी गाठ मारली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मला काय गाडी चालवायची न्हाई. पर माझ्या दारातली वस्तू मला इचारल्याबिगर न्यायची न्हाई. एवढंच."

त्या गाडीला तीन कुलपं होती: स्वीचचं, हँडलचं आणि टाकीच्या झाकणाचं. तिन्ही झिजलेली. अक्कांनी ती बदलायचं ठरवलं, पण तसली कुलपं लातुरात मिळेनात. कचेरीच्या कामानं मी नांदेडला जायचो, तेव्हा तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारात हुडकून तिन्ही घेऊन आलो. एका रविवारी दीर गावाला गेलेला पाहून गोलाईच्या चौकाजवळच्या किल्लीवाल्याला घरी बोलावलं. त्यानं कुलपांच्या आतल्या पितळी पत्त्या काढून ओट्यावर मांडल्या.

"तिन्ही ताले एका किल्लीला लावून देतो, अक्का."

"नको. टाकीचं आन हँडलचं लावा. स्वीच जुनंच ऱ्हाऊ द्या."

"मग काय फायदा? गाडी तर चालू हुईल."

"हुऊ द्या की," अक्का ज्वारी निवडत म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी चाकूरला कसलीशी सभा होती. दीर कडक इस्त्री करून आला, अक्कांनी हँडल मुद्दाम मोकळंच ठेवलं होतं, त्यानं जुन्या किल्लीनं गाडी चालू केली आणि ऐटीत निघाला. वाटेतल्या पंपावर टाकी उघडायला गेला, तर किल्ली फिरेना. पंपावरचा माणूस हातोडी घेऊन आला, पण टाकीचा रंग जाईल म्हणून यानं हात लावू दिला नाही. हे दिरानंच नंतर सांगितलं. तसाच माघारी वळला आणि वाटेत पेट्रोल संपलं. भर उन्हात गाडी ढकलत तो गल्लीत शिरला तेव्हा पांढऱ्या कपड्यांचा रंग ओळखू येत नव्हता. सगळी गल्ली दारात उभी होती. मी तर कचेरीला दांडीच मारली होती.

अक्कांनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. टँकर चार दिवस आला नव्हता, तरी काठोकाठ भरून दिलं. त्याचं पिऊन होईपर्यंत शांत उभ्या राहिल्या. मग हात पुढं केला. "आता किल्ली द्या."

त्यानं दिली. संध्याकाळी किल्लीवाल्यानं तिसरं कुलूपही बसवलं. जास्तीची किल्ली करू का म्हणाला, तर अक्का नको म्हणाल्या.

त्यानंतर दीर रोज दारात उभा राहायचा. "वैनी, किल्ली देता का?" अक्कांची लिंगपूजा तेव्हा नेमकी लांबायची. मग आतून आवाज यायचा, "घ्या, पर आधी दोन घागरी आना." आणि तो आणायचा, टाकीच्या दोन्ही बाजूंना अडकवून. रंग जायचा तेवढा गेलाच. अक्का ओट्यावर बसून बघायच्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो गोडवा मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. त्या बाईवर माझा फार जीव होता.

पुढं माझी बदली नांदेडला झाली. बऱ्याच वर्षांनी अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी मिळेल त्या गाडीनं लातूर गाठलं. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं अक्कांना बसवून समाधी द्यायची होती. तळहातावर ठेवण्यासाठी विधीला आलेल्या स्वामींनी गळ्यातलं लिंग काढायला घेतलं, तर शेजारी काळ्या दोऱ्यात ती किल्ली निघाली.

"ही काढून घ्यायची का?" स्वामींनी दिराला विचारलं. घरून निघताना मी पाहिलं होतं, अंगणातल्या गाडीचं हँडल अजून कुलूपबंद होतं.

दीर आता म्हातारा झाला होता. त्यानं हात थोडा पुढं केला आणि मागं घेतला.

"त्येंना इचारल्याबिगर कशी घेऊ?" तो म्हणाला.

स्वामींनी लुगडं सारखं केलं, आणि आम्ही माती लोटली.