कोणतं ‘आपण’?

माझ्या थोरल्या भावाची नात ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळते. गोलकीपर. हेल्मेट आणि पॅड चढवून पोट्टी उभी राहिली, की आमच्या कारंजा गावच्या हायवेवरचा ट्रकसुद्धा डिपर मारून बाजूनं जाईल. तर तिचा सामना नेमका भारताशी पडला, आणि आदल्या दिवशी तिनं भावाला फोनवर सांगितलं, “आजोबा, उद्या आपण जिंकणार!”

झालं. भावाच्या तोंडाचं तेव्हापासून जे थ्रेशर सुरू झालं, ते थांबेचना.

“‘आम्ही’ म्हणाली असती तर गोष्ट मिटली होती,” तो म्हणे. “आम्ही म्हणजे ते तिकडचे. आपण म्हणजे मीबी त्यात आलो नं!”

“दादा, तिकडंच जन्मली ते. तिले आम्ही अन् आपण काय समजते?”

“काऊन नाई? म्याच शिकवलं तिले मराठी, फोनवर!”

सामन्याच्या वेळी घरची लाइट गेली, म्हणून आम्ही ढाब्यावर गेलो. तिथं इन्व्हर्टर होता, मोठा टीव्ही होता आणि अर्ध्या देशाचे ड्रायव्हर एका घशानं ओरडत होते. त्या आवाजानंच तव्यावरच्या रोट्या फुगत होत्या, विस्तवाची गरज नव्हती. भाऊ मात्र एका खुर्चीत टिकेना. भारताची पोरगी चेंडू घेऊन धावली की हा अर्धा उठे, चेंडू नातीपाशी पोचला की मटकन बसे.

शेवटी शेवटी भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. मारणारी आपली, अडवणारी आपली. नातीनं अडवला. अख्खा ढाबा ‘अरेरे’ करत खाली बसला, आणि भाऊ एकटाच उभा राहून ओरडला, “शाब्बास माय!”

कढईतलं तेल उकळायचं थांबलं.

“काका, आप किसकी तरफ से हो?” एका सरदारजीनं विचारलं.

लगेच भारतानं गोल केला, तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच नाचला. मग पडद्यावर नातीचं तोंड दिसलं, तसा एक पाय वर ठेवूनच थांबला.

भारत जिंकला. तासाभरानं तिचा फोन आला. भावानं तो माझ्या हातात कोंबला. “तूच बोल.”

“छोटे आजोबा, आजोबा कोणाकडून ओरडले?”

“दोन्हीकडून, माय.”

“तुम्ही नं, नेहमी फेकता,” ती म्हणाली. हसत नव्हती. “खरं सांगा.”

मी गुपचूप स्पीकर लावला आणि फोन भावाच्या तोंडापुढं धरला.

“तू अडवला नं, तवा ओरडलो,” तो म्हणाला. “अन् त्यायनं मारला, तवाबी. आता तूच सांग माय, म्या काय करू?”