जगलेल्या झाडांचे पैसे

मुलांनो, आज सकाळी गॅलरीतून पाहिलं, तर आपल्या रस्त्यावर झाडं लावणारे ठेकेदार सावंत हातात चप्पल घेऊन एका बकरीमागे धावत होते.

"हसताय काय, आजी? आज तपासणी आहे!" ते खालून ओरडले.

पूर्वी नगरपालिका खड्डे मोजून पैसे द्यायची. म्हणून दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत नवी रोपं लागायची आणि दिवाळीपर्यंत वाळून जायची. लबाडी कुणाचीच नव्हती. कागदाने खड्डे मागितले होते, ते मिळत होते. मग आमच्या वॉर्ड समितीने हट्टाने निविदेत एक अट घालून घेतली: शेवटचा हप्ता तिसऱ्या वर्षी, तोही फक्त जगलेल्या झाडांचा.

करारातलं वाक्य किती कोरडं असतं! पण ते नेमक्या जागी लिहिलं, की भर उन्हाळ्यात टँकर येतो, मोडलेलं कुंपण पुन्हा बांधलं जातं. 'झाडे जगवा' असे फलक लावून हे कधी झालं नव्हतं.

यंदा ते तिसरं वर्ष; दुपारी जगलेली झाडं मोजायला नगरपालिकेच्या अभियंता बाई आल्या. बकरीने शेंडा खाल्लेल्या कडुनिंबापाशी त्या थांबल्या, तेव्हा सावंतांचा चेहरा उतरला. बाईंनी नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवंगार होतं. त्यांनी वहीत 'जिवंत' असं लिहिलं.

"आजी, सगळी जगली!" सावंतांनी हाक दिली. आणि मी, या वयात, तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवली.